'मी तं काही खातच नाही वो!'



२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलपासून, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क लावायचा की नाही, तेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर आलं. आणि त्याच्या दोन वर्षं आधी देशभर टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्च २०२०, तोही गुढीपाडव्याचाच दिवस होता. मधल्या काळात कोणाचं माणूस गेलं, कोणाची मजुरी गेली, कोणाच्या लेकराची शाळा सुटली ती सुटलीच. आज आम्ही त्या मानानं लहान वाटणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. घरात बसून आपलं खाणं आणि आपलं वजन यांचं काय झालं? लहान वाटणारी म्हणतो, कारण हा विषय लग्नाच्या मांडवात निघतो आणि हसण्यावारी जातो. 'लॉकडाऊन मानवलं वाटते तुम्हाले!' असं कोणीतरी म्हणतं, बाई पदर सावरते आणि विषय संपतो.

जळगाव जामोदात असो की आसपासच्या खेड्यांत, बाया जमल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'मी तं काही खातच नाही वो, मंग पोट काहून सुटलं?' लोक या वाक्याला हसतात. आम्हाला ते हसण्यासारखं वाटत नाही, कारण ही बाई खोटं बोलत नाही. तिच्या हिशेबात खाणं म्हणजे ताट वाढून घेणं, मांडी घालून बसणं आणि सावकाश जेवणं. तशी ती खरंच जेवत नाही. तिच्या पोटात जे जातं ते उभ्यानं, कामाच्या मधे, सगळ्यांच्या शेवटी आणि बहुतेक वेळा उरलेलं. ते ती मोजत नाही. घरातलं दुसरं कोणी तर मुळीच मोजत नाही.

तो २०२० चा उन्हाळा आठवून बघा. आठवडी बाजार बंद, एसट्या बंद. पुण्या-मुंबईला, सुरतेला कामाला गेलेली पोरं जमेल तशी गावाकडं आली, आधी वेगळी राहिली, मग घरात आली. चार माणसांच्या घरात आठ माणसं झाली. दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण परत लागलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सकाळच्या रामायणाला चहा-पोहे, रात्रीच्या रामायणासमोर ताटं. खेड्यात आठच्या आत चूल विझायची, ती जेवणं साडेनऊ-दहावर गेली. रामायण संपलं, पण कितीतरी घरांत जेवणाची वेळ अजून तिथंच अडकलेली आहे.

माणूस रिकामा बसला की त्याला भूक लागत नाही, त्याला खाण्याची आठवण येते. अकरा वाजता आठवण, चारला आठवण, सहाला आठवण. शेगावला जाणं नाही, मग कचोरीची आठवण. की घरीच कढई चढली. मोबाइलवर बघून कुकरमधला बिस्किटांचा केक झाला, जिलबी झाली, पाणीपुरीच्या पुऱ्या झाल्या. लेकरं खूश होती आणि त्या दिवसांत लेकरं खूश असणं काही थोडकं नव्हतं. वाळवणं तर दरवर्षीचीच. ऊन होतं, हात होते. कुरडया, पापड, शेवया, बिबडे, खारोड्या असं सगळं झालं. फक्त एरवी दिवाळीपर्यंत पुरणारे डबे त्या वर्षी श्रावणाआधीच तळाला गेले. २६ एप्रिलला आखाजी आली. लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, भेंडवळची घटमांडणी बघायला जाणं झालं नाही, पण पुरण शिजलं. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. घराला तेवढ्यानंच थोडं घरपण राहिलं होतं.

पण हे झालं ज्या घरात दाणा होता त्या घरांचं. टाळेबंदीत सगळ्यांची वजनं वाढली असं म्हणणं म्हणजे आपल्याच ओट्यावर बसून तालुका बघण्यासारखं आहे. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला घरात बसायला सांगणारं कोणी नव्हतं; शेतीची कामं चालूच होती. उलट हातात रोख पैसा नव्हता, कापूस घरात पडून होता, आणि भाजीपाला घ्यायचा तर बाजार भरत नव्हता. सातपुड्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावांकडं, भिंगारा, चाळीस टापरी, गोमालकडं, वाढलेल्या पोटाची चर्चा कोण करणार? एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळू लागलं, सुरुवातीचे महिने तांदूळच, आणि कार्डामागे १ किलो डाळ. त्या धान्यानं घरं तगली, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. पण ५ किलो तांदळाबरोबर घरामागे एक किलो डाळ, म्हणजे पाच माणसांच्या घरात २५ किलो भात आणि एक किलो वरण. पोट भरलं, ताट भरलं नाही.

अंगणवाडीचं आणि शाळेचंही तसंच. अंगणवाडीतला शिजलेला आहार बंद झाला आणि घरपोच शिधा आला. शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या पिशवीत आलं. अंगणवाडी ताईंनी ते घरोघरी पोचवलं, तेही ज्या दिवसांत कोणी कोणाच्या दारात उभं राहत नव्हतं. पण शिधा घरात आला की तो लेकराचा राहत नाही, घराचा होतो. एका लेकराचा वाटा सात जणांच्या पातेल्यात पडतो. यात आईचा दोष काय? समोर सात जण बसलेले असताना एकट्या लेकराला वेगळं शिजवून घालणारी आई आम्हाला दाखवा. पहिली ते चौथीच्या गावातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत परत काही दिवस कुलूप लागलं. म्हणजे पावणेदोन वर्षं त्या लेकरांनी शाळेचं गरम जेवण बघितलं नाही.

आता एक सरकारी आकडा सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवं. महाराष्ट्रातली त्याची पाहणी कोरोनाच्या आधीच, २०१९ मध्ये झाली. त्यात राज्यातल्या दर १०० बायांमागे सुमारे २१ जणी हव्या त्यापेक्षा बारीक निघाल्या आणि २३ जणी हव्या त्यापेक्षा जाड. आणि रक्त कमी असलेल्या बाया? शंभरात ५४. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवून बघा. शंभरातल्या ५४ जणींचं रक्त कमी असेल तर त्या काही सगळ्या बारीक बाया नाहीत. म्हणजे अंगानं भरलेली दिसणारी बाईसुद्धा आतून फिकी असू शकते. आपल्याकडं 'जाड म्हणजे खाऊन-पिऊन सुखी' अशी समजूत आहे. ती आकड्यांपुढं टिकत नाही. महामारी यायच्या आधीच आपली ही अवस्था होती, आणि मग दोन वर्षं आपण घरात बसलो.

बसलो म्हणजे काय, हेही बघायला हवं. घरात पुरुष बसले, लेकरं बसली. बाई कुठं बसली? आठ माणसांचा स्वयंपाक, दिवसातून पाचदा भांडी, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुणं, लेकरांच्या मोबाइलच्या शाळेवर नजर ठेवणं. काम वाढलं, आणि मैत्रिणींना प्रश्न पडतो तो इथंच, की एवढं काम करून वजन कमी व्हायला पाहिजे, वाढलं कसं? तर काम आणि काम यात फरक असतो. ओट्यापाशी उभं राहून केलेल्या कामानं कंबर दुखते, पाय सुजतात, जीव थकतो, पण अंगातली चरबी फार जळत नाही. ती जळते चालण्यानं, चढण्या-उतरण्यानं, ओझं वाहण्यानं. आधी बाजाराला जाणं होतं, लेकराला शाळेत सोडणं होतं, देवळात जाणं होतं, शेतात डबा पोचवणं होतं, बैठकीला जाणं होतं. हे दिवसाचं तीन किलोमीटर चालणं सहज व्हायचं आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. ते एका रात्रीत बंद झालं. थकवा वाढला आणि चालणं घटलं, अशी ती गंमत आहे. गंमत कसली म्हणा.

आता खाण्याची बाजू. एका बाईचा दिवस धरू. मनातली बाई आहे, पण तुमच्या ओळखीची आहे. सकाळी सगळ्यांचा चहा, तिचाही. अकराला सासऱ्यांसाठी परत चहा टाकला, भांड्यात कपभर उरला, तो तिनं घेतला. दुपारी सगळ्यांना गरम पोळ्या वाढल्या. शेवटी ती बसली तेव्हा भाजीच्या कढईत रस्सा होता, फोडी नव्हत्या. वरण तळाला गेलं होतं. भात मात्र भरपूर होता. तिनं भात, रस्सा आणि लोणचं खाल्लं. लेकीनं ताटात अर्धी पोळी टाकली होती, तीही खाल्ली, कारण अन्न टाकायचं नाही. चार वाजता भजी तळली, तळता तळता दोन तोंडात गेली. परत चहा. रात्री तेच, उरलेली पोळी, उरलेला भात, शेवटी पातेलं रिकामं करायचं म्हणून दोन घास. तिला विचारा, काय जेवलीस? ती म्हणेल, 'काही नाही वो, थोडासा भात.'

आता हिशेब मांडू. साखरेचा एक चमचा ५ ग्रॅमचा, त्याच्या २० कॅलरी. चहात दोन चमचे, वर दूध. दोन जादा कपांचे सव्वाशे झाले. तेल लावलेली एक पोळी शंभर-सव्वाशेची. म्हणजे दिवसाला अडीचशेच्या आसपास कॅलरी अशा, ज्या तिनं 'खाल्ल्या'च नाहीत. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. अडीचशेनं भागा, महिन्याला किलो होतो. हा कागदावरचा हिशेब आहे, शरीर इतकं सरळ चालत नाही. काही दिवस कमी खाल्लं जातं, काही दिवस काम जास्त होतं, अंगही थोडं सावरून घेतं. म्हणून वर्षाला बारा किलो वाढत नाहीत. पण तीन-चार वाढतात, आणि तेवढे पुरेसे असतात. कढईतल्या तेलाचं तर आम्ही अजून धरलंच नाही. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी, साखरेच्या दुप्पट नव्हे, त्याहून जास्त.

या हिशेबात काय आहे त्यापेक्षा काय नाही ते बघा. डाळ नाही, पालेभाजी नाही, दूध चहापुरतं, अंडं असलंच तर लेकराला. भात, पोळी, साखर, तेल यांनी अंग भरलं आणि रक्त भरलं नाही. त्यात जेवणावर लगेच चहा. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे जे थोडं आंबाडी-मेथीतून आलं तेही गेलं. तीच बाई जाडही होते आणि जिना चढताना धापही टाकते. मग घरचे म्हणतात, 'वजन वाढलं म्हणून दम लागतो.' अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तपासायला रक्त द्यावं लागतं, ते कोणी देत नाही.

भीतीचंही खाणं असतं. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या अमरावती विभागात परत निर्बंध लागले, पुढं एप्रिल-मे तर आठवूच नये असे गेले. रोज कोणाचा तरी फोन. रात्री झोप नाही, हातात मोबाइल. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, आणि गोड-तळलेल्याचीच लागते. हा मनाचा कमकुवतपणा नाही, शरीराचा कारभार आहे. जागलेल्या आणि घाबरलेल्या शरीराला पटकन मिळणारी ताकद हवी असते, आणि स्वयंपाकघरात पटकन मिळतो तो साखरेचा डबा. त्या काळात रात्री एकला उठून साखर-पोळी खाल्ली असेल तर त्याची लाज बाळगू नका. फक्त ती सवय राहिली आहे का, तेवढं बघा.

वजनाबद्दल आम्ही दिसण्यासाठी बोलत नाही. ब्लाउज उसवावं लागलं तर उसवावं, शिलाईत कापड असतंच. काळजीची गोष्ट पोटातली आहे. आपल्या लोकांच्या अंगावर चरबी चढते ती आधी पोटावर आणि पोटाच्या आत, आणि ती साखरेच्या आजाराला, रक्तदाबाला वाट करून देते. म्हणून आपल्या देशातल्या डॉक्टरांनी वजनाची रेघ परदेशापेक्षा खाली धरलेली आहे. दुसऱ्या लाटेत आपण बघितलं, ज्यांना साखर होती आणि ज्यांना ती असल्याचं माहीतच नव्हतं, त्यांच्यावर कोरोना जास्त जोरात आला. औषध म्हणून स्टेरॉइड दिलं, साखर आणखी चढली, आणि पुढं काळ्या बुरशीनं काहींचे डोळे गेले, काहींचा जबडा गेला. आमच्या ओळखीतल्या एका बाईची साखर तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तपासली गेली ती कोरोना झाल्यावर, आणि ती तीनशेच्या वर निघाली. वय बेचाळीस. तिच्या सासऱ्यांची साखर दर महिन्याला तपासली जात होती. तीच त्यांना घेऊन जायची.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, उपास करू नका. वजन वाढलं की बायांचा पहिला उपाय उपास असतो. गुरुवार होता, त्यात सोमवार घातला, वर एकादशी. आणि उपासाला काय? साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप, त्यावर दाण्याचा कूट, सोबत बटाटा आणि दोन जादा चहा. देवासाठी करत असाल तर करा, देव आणि तुम्ही बघून घ्या. वजनासाठी करत असाल तर तो उलटा उपाय आहे, आणि रक्त कमी असेल तर घातक आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरधनी शेतातून उशिरा येणार असला की आपण काय करतो? त्याचं ताट आधी वाढून झाकून ठेवतो. भाजी, वरण, भाकरी, कांदा, सगळं त्याच्या वाट्याचं. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तसंच एक ताट आपलं वाढून झाकून ठेवायचं, पंगत बसायच्या आधी. एवढंच. मग शेवटी बसा, हरकत नाही. पण ताटात फोडी असतील, डाळ असेल, आणि भाताचा ढीग करायची गरज राहणार नाही. 'सासूबाई काय म्हणतील?' असा प्रश्न येतोच. आम्ही म्हणतो, सासूबाईंचंही ताट सोबतच वाढून झाका. त्यांनीही जन्मभर उरलेलंच खाल्लेलं आहे. आणि उरलेल्याचं म्हणाल तर अन्न टाका असं आम्ही कधी सांगणार नाही, या तालुक्यात कोणाला सांगवणारही नाही. पण उरलेलं अन्न ही एकट्या बाईची जबाबदारी नाही. सकाळची पोळी संध्याकाळी फोडणीची पोळी होऊन सगळ्यांच्या ताटात आली पाहिजे. रोजच दोन पोळ्या उरत असतील तर कणीक दोन पोळ्यांची कमी मळा.

तिसरं, भाकरी. आपण वऱ्हाडातली माणसं ज्वारीवर वाढलेली. कापूस-सोयाबीन आलं, रानडुकरांनी उभं पीक राखू दिलं नाही, ज्वारी शेतातून मागं पडली आणि मग ताटातूनही. टाळेबंदीत रेशनच्या तांदळानं ती आणखी मागं गेली. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू असतात १० ग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्या आत. भाकरी चावावी लागते, पोटात वेळ टिकते, दोन तासांनी परत डबा उघडावा लागत नाही. फुकटचा तांदूळ सोडा असं आम्ही म्हणत नाही. रात्री भात असेल तर दुपारी भाकरी ठेवा. आणि भात करताना डाळ मुठीनं वाढवा, तांदूळ मुठीनं कमी करा. सोबत आंबाडी, चवळाई, घोळ, पावसात तरोटा, जे बांधावर येतं ते. वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी असेल तर या दिवसांत तिच्यासारखं दुसरं नाही. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. आणि चहा जेवणानंतर तासाभरानं.

चहा सोडा म्हटलं तर हे भाषण तुम्ही आत्ताच बंद कराल. सोडू नका. कप लहान करा, दोनाचा एक चमचा करा. महिन्याभरात जीभ मानते. लेकरांच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्यांचं मात्र कडक व्हायला लागेल. ऑनलाइन शाळेच्या वेळी लेकरू एका जागी बसावं म्हणून पुडी हातात दिली जायची, शाळा सुरू झाल्यावरही पुडी दप्तरात जाते. त्याऐवजी शेंगदाणे-गूळ, फुटाणे, मुरमुरे द्या. एक दिवस रडतील.

आणि चालणं. बाई सकाळी रस्त्यानं नुसती चालायला निघाली की चार जण विचारतात, 'कुठं चालल्या?' एकटीनं उत्तर देणं जड जातं. चौघी निघाल्या तर कोणी विचारत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडं दिवसा बाहेर पडायची सोय नाही, म्हणून उजाडता उजाडता अर्धा तास, नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीवर किंवा अंगणात फेऱ्या. जेवणं मात्र आठला आणा, म्हणजे फेऱ्यांना वेळ उरेल. शेतात मजुरी करणाऱ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी नाही. तुमचं चालणं भरपूर झालेलं आहे. तुम्हाला हवी ती डाळ, दूध, अंडं आणि दुपारची अर्धा तास पाठ टेकणं.

घरी वजनकाटा नसतो, आणि नसला तरी अडत नाही. आत्ताच एक सुतळी घ्या. भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत, तुमच्या उंचीइतकी सुतळी कापा. कोणाची तरी मदत घ्या. आता ती बरोबर अर्धी दुमडा. दुमडलेली सुतळी पोटाभोवती गुंडाळा, सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. श्वास सोडल्यावर बघा, श्वास ओढून पोट आत घ्यायचं नाही, इथं कोणी बघत नाही. टोकाला टोक लागलं तर ठीक. टोकं भेटली नाहीत, मधे बोटं मावतील एवढी जागा राहिली, तर पोट उंचीच्या मानानं जास्त आहे. शिलाईचा टेप असेल तर बायांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही रेघ धरा.

ज्यांची टोकं भेटली नाहीत त्यांनी घाबरू नये, पण थांबूही नये. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशाताई भरतात. त्यात वय, कमरेचं माप, तंबाखू, दारू, चालणं-फिरणं, घरात कोणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, अशा गोष्टींचे गुण असतात. गुण चारपेक्षा जास्त झाले की तपासणीला आधी पाठवतात. फॉर्म भरताना 'माझं राहू द्या, यांचं घ्या' म्हणू नका, टेप तुमच्या कमरेला लावून घ्या. उपकेंद्रावर किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात साखर, रक्तदाब आणि रक्तातलं हिमोग्लोबिन, तिन्ही तपासून घ्या. हिमोग्लोबिन बारीक बायांचं बघतात आणि साखर जाड बायांची, असं करू देऊ नका, दोन्ही सगळ्यांचं. सकाळी उपाशी पोटी गेलात तर साखरेचा आकडा नीट कळतो. बरोबर डब्यात भाकरी न्या, सुई टोचून झाली की तिथंच खाऊन घ्या.

पुरुषांसाठी रेघ ९० सेंटिमीटरची आहे. सुतळी तीच चालत नाही, त्यांच्या उंचीची वेगळी कापावी लागेल.